संरक्षण आणि बंदिवास : बाल न्याय व्यवस्थेतील लिंगभावाची चिकित्सा

सारांश

अल्पवयीन मुलगा आणि अल्पवयीन मुलगी यांना संस्थेत ठेवण्याची कारणे भारतीय बाल न्याय व्यवस्थेत आरंभापासून भिन्न राहिली आहेत. मुलग्याला त्याच्या कृत्यासाठी ताब्यात घेतले जाते, तर मुलीला बहुधा तिच्या वर्तनासाठी 'संरक्षणात' ठेवले जाते. कायद्याची भाषा २००० नंतर मोठ्या प्रमाणात लिंगनिरपेक्ष झाली असली, तरी व्यवहारातील हे द्वैत टिकून आहे. प्रस्तुत लेखात सुधारगृहांचा इतिहास, वयाच्या व्याख्या, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आणि प्रचलित कायद्यातील तरतुदी यांच्या आधारे या द्वैताची चिकित्सा केली आहे. गुन्हेगारीच्या आकडेवारीत मुलींची संख्या कमी दिसते, यावरून त्यांचा बंदिवास कमी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : बाल न्याय, लिंगभाव, निरीक्षणगृह, बालगृह, विधिसंघर्षग्रस्त बालक, संरक्षण.

प्रस्तावना

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेले शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे देशभर परिचित आहे. या मंदिराच्या व्यवस्थापनाचा दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमधील वाद दीर्घकाळ न्यायालयात चालला आणि १९८१ पासून बंद असलेले मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. त्यामुळे वरिष्ठ न्यायालय हा शब्द या गावाला नवा नाही. तथापि गावातील एखाद्या अल्पवयीन मुलाचा किंवा मुलीचा कायद्याशी संबंध येतो तेव्हा तो न्यायालयापासून नव्हे, तर पोलीस ठाण्यापासून सुरू होतो. तेथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट बाल न्याय मंडळाकडे आणि तेथून निरीक्षणगृहाकडे जाते. दुसरी बाल कल्याण समितीकडे आणि तेथून बालगृहाकडे जाते. पहिल्या वाटेवर बहुसंख्येने मुलगे आढळतात. दुसरी वाट मुलग्यांसाठीही आहे. परंतु घर सोडून गेलेल्या किशोरवयीन मुलीसाठी तीच जवळजवळ ठरलेली असते.

या दोन वाटांची तुलना करण्याची बौद्धिक परंपरा वऱ्हाडालाच लाभलेली आहे. वाशीमला लागून असलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. सुरत येथील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये झालेली शिक्षा आणि त्यावरून वृत्तपत्रांनी समग्र स्त्रीजातीवर केलेली टीका हे त्या लेखनाचे निमित्त होते. एकाच दोषासाठी पुरुषाला एक माप आणि स्त्रीला दुसरे माप का, हा ताराबाईंचा प्रश्न होता. हाच प्रश्न प्रौढांऐवजी बालकांच्या संदर्भात विचारला असता बाल न्याय व्यवस्थेचे एक दुर्लक्षित अंग समोर येते.

सुधारगृहाचा जन्म आणि मुलीची अनुपस्थिती

भारतात बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र संस्था उभारण्याचा विचार एकोणिसाव्या शतकात रुजला. १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा, १८७६ चा सुधारशाळा कायदा आणि त्याची जागा घेणारा १८९७ चा कायदा हे त्याचे टप्पे होत. यांपैकी १८९७ च्या कायद्यातील व्याख्या विशेष लक्षणीय आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने 'तरुण अपराधी' म्हणजे शिक्षापात्र गुन्ह्याबद्दल दोषी ठरलेला, पंधरा वर्षांखालील मुलगा. मुलीचा त्या व्याख्येत अंतर्भावच नव्हता. सुधारशाळेत सुतारकाम, विणकाम, शेती शिकवून मुलग्याला कष्टकरी नागरिक बनवावे, ही त्यामागील कल्पना होती. मुलीच्या बाबतीत राज्यसंस्थेची अशी काही कल्पनाच नव्हती.

याचा अर्थ त्या काळी मुलींना आणि तरुण स्त्रियांना संस्थेत ठेवले जात नव्हते असा नाही. त्यांची वाट निराळी होती. महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह, पंढरपूरचे बालकाश्रम आणि पुढे केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी उभारलेले कृपासदन या संस्थांचा जन्म स्त्रीच्या लैंगिक जीवनाभोवती समाजाने उभ्या केलेल्या संकटातून झाला. या संस्थांमागील करुणा निर्विवाद आहे. अनेक स्त्रियांचे आणि अर्भकांचे प्राण त्यांनी वाचवले. परंतु मुलग्याचा प्रश्न चोरीचा आणि श्रमाचा, तर मुलीचा प्रश्न शीलाचा आणि आश्रयाचा, ही विभागणी याच काळात स्थिर झाली. मुलग्यासाठी सुधारशाळा आणि मुलीसाठी आश्रम ही शब्दयोजनाच पुरेशी बोलकी आहे.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने बालकांसाठी स्वतंत्र न्यायालये आणि संस्था असाव्यात अशी शिफारस केल्यानंतर प्रांतिक बाल कायदे अस्तित्वात आले. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये असा कायदा केला. वाशीमचा परिसर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. मध्यप्रांत व वऱ्हाडाचा बाल कायदा १९२८ मध्ये झाला. मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटीची स्थापना १९२७ मध्ये झाली आणि डोंगरी-उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या वास्तूत बालकांचे रिमांड होम सुरू झाले. १८८२ मध्ये लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांनी एकशे एक दिवसांची शिक्षा भोगली तो डोंगरीचा तुरुंग हाच. तुरुंगाच्या भिंतींत बालकांचे घर वसवले गेले, ही बाब बाल न्यायातील मूळ विसंगती दाखवते. भिंत तीच राहून पाटी बदलली, तर आत राहणाऱ्याच्या अनुभवात किती फरक पडतो, हा प्रश्न त्या वास्तूपुरता मर्यादित नाही.

वयाच्या रेषेचे राजकारण

बालक कोणास म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दीर्घकाळ लिंगानुसार वेगळे दिले. केंद्रशासित प्रदेशांसाठी केलेल्या १९६० च्या बाल कायद्यात आणि त्यानंतर देशभर लागू झालेल्या १९८६ च्या बाल न्याय कायद्यात सोळा वर्षांखालील मुलगा आणि अठरा वर्षांखालील मुलगी यांना बालक मानले होते. वरवर पाहता ही मुलीला दिलेली सवलत वाटते. प्रत्यक्षात या रेषेने दोघांचेही नुकसान केले. सोळा वर्षे पूर्ण झालेला मुलगा प्रौढ ठरून सामान्य फौजदारी न्यायालयात आणि तुरुंगात जाऊ लागला. त्याच वयाची मुलगी आणखी दोन वर्षे पालकांच्या आणि राज्याच्या ताब्याचा विषय राहिली. मुलग्याचे बालपण लवकर संपले आणि मुलीचे परावलंबन लांबले.

हीच दृष्टी भारतीय दंड संहितेच्या कलम ३६१ मध्येही होती. कायदेशीर पालकाच्या ताब्यातून पळवून नेण्याच्या गुन्ह्यासाठी मुलग्याचे वय सोळा आणि मुलीचे अठरा धरले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हा भेद नाहीसा होऊन 'बालक' हा एकच शब्द आला. त्या तरतुदीत संरक्षण कोणाचे होते, याचा विचार केला पाहिजे. गुन्हा बालकाविरुद्ध नव्हे, तर पालकाच्या ताब्याविरुद्ध मानलेला होता. बालकाच्या संमतीला तेथे स्थान नव्हते.

१९८६ च्या कायद्यात आणखी दोन तरतुदी विचारात घेण्याजोग्या होत्या. 'उपेक्षित' बालकाच्या व्याख्येत वेश्यागृहात राहणाऱ्या किंवा तेथे वारंवार जाणाऱ्या बालकाचा समावेश होता, आणि मूल आपल्या नियंत्रणात राहत नाही अशी तक्रार पालकाने केल्यास त्याला संस्थेत पाठवण्याचा मार्गही खुला होता. या दोन्ही तरतुदींची शब्दरचना लिंगनिरपेक्ष होती. परंतु 'नियंत्रणात नसणे' याचा अर्थ मुलग्याच्या बाबतीत उनाडकी, जुगार किंवा चोरी असा, तर मुलीच्या बाबतीत उशिरा घरी येणे, कोणाशी बोलणे किंवा घर सोडणे असा घेतला जातो, हे सामाजिक वास्तव शब्दरचनेने बदलत नाही.

हा अनुभव केवळ भारताचा नाही. मेडा चेस्नी-लिंड या अमेरिकी अभ्यासिकेने १९७० च्या दशकापासून केलेल्या लेखनात तेथील बाल न्यायालये मुलींच्या बाबतीत गुन्ह्यापेक्षा स्त्रीत्वाच्या रूढ कल्पनांची अंमलबजावणी करतात, असे दाखवून दिले. घरातून पळून जाणे आणि आज्ञाभंग करणे ही प्रौढांच्या बाबतीत गुन्हा न ठरणारी वर्तने मुलींना कोठडीत नेत होती. १९७४ च्या अमेरिकी कायद्याने अशा बालकांना बंदिस्त संस्थांबाहेर ठेवण्याचे धोरण स्वीकारले. भारतात २००० च्या बाल न्याय कायद्याने मुलगा आणि मुलगी या दोघांसाठी अठरा वर्षे हे एकच वय निश्चित केले आणि 'विधिसंघर्षग्रस्त' व 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले' असे बालकांचे दोन स्वतंत्र वर्ग ठेवले.

आकडेवारी : काय दिसते आणि काय दिसत नाही

या बदलाचा परिणाम राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत स्पष्टपणे उमटला आहे. १९९९ मध्ये देशात ताब्यात घेतलेल्या १८,४६० बालकांपैकी ५,३७२ मुली होत्या, म्हणजे सुमारे २९ टक्के. २००० मध्ये एकूण १७,९८२ बालकांपैकी ४,१२८ मुली, म्हणजे सुमारे २३ टक्के होत्या. नवा कायदा १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. त्या वर्षी ताब्यात घेतलेल्या बालकांची एकूण संख्या ३३,६२८ वर पोचली आणि मुलींची संख्या २,३३३ वर आली. मुलींचे प्रमाण ७ टक्क्यांपर्यंत घसरले. पुढे २०१४ मध्ये ४८,२३० बालकांपैकी १,५९२ मुली होत्या. हे प्रमाण ३.३ टक्के भरते.

मुलग्यांच्या संख्येतील वाढ समजण्यासारखी आहे. सोळा ते अठरा वयोगटातील जे मुलगे पूर्वी प्रौढांत मोजले जात, ते आता बालकांत मोजले जाऊ लागले. मुलींच्या बाबतीत मात्र वयाची रेषा बदललेलीच नव्हती. ती आधीही अठरा होती आणि नंतरही अठराच राहिली. असे असता एका वर्षात त्यांची संख्या दोन-पंचमांशाहून अधिक घटली. देशभरातील मुलींच्या वर्तनात एका वर्षात एवढे परिवर्तन घडले असे मानणे कठीण आहे. बदल वर्तनात नसून वर्गीकरणात झाला असावा, हा निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो. ज्या मुली पूर्वी गुन्ह्याच्या रकान्यात येत होत्या, त्यांतील अनेक जणी संरक्षणाच्या रकान्यात गेल्या असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

येथे आकडेवारीची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. गुन्हे नोंद विभाग ताब्यात घेतलेल्या विधिसंघर्षग्रस्त बालकांची मोजणी करतो. बालगृहाच्या कुलपाआड असलेली मुलगी त्या मोजणीत येत नाही, कारण कायद्याच्या भाषेत तिला कोणी अटक केलेली नसते. त्यामुळे 'बालगुन्हेगारी हा मुख्यतः मुलग्यांचा प्रश्न आहे' हे विधान गुन्ह्यांपुरते खरे असले, तरी 'संस्थेतील बंदिवास हा मुख्यतः मुलग्यांचा प्रश्न आहे' हे विधान त्यातून सिद्ध होत नाही.

एक घटना आणि दोन दरवाजे

या द्वैताचे सर्वांत ठळक उदाहरण किशोरवयीन प्रेमप्रकरणातून घडणाऱ्या पलायनात दिसते. सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी स्वखुशीने घर सोडून गेले अशी स्थिती गृहीत धरली, तर २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायद्याप्रमाणे, म्हणजे प्रचलित भाषेत पॉक्सोप्रमाणे, अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला कायदेशीर अर्थ नाही. मुलीचे पालक तक्रार देतात. दोघेही सापडल्यावर मुलगा विधिसंघर्षग्रस्त ठरून मंडळापुढे उभा राहतो आणि मुलगी पीडित ठरून समितीपुढे उभी राहते. तिने पालकांकडे जाण्यास नकार दिला, किंवा पालकांनीच तिला स्वीकारले नाही, तर तिची रवानगी बालगृहात होते.

यापुढे दोघांच्या वाट्याला येणाऱ्या कायदेशीर संरक्षणाची तुलना करणे उद्बोधक ठरते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलग्याला जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद आहे. कलम १४ प्रमाणे त्याची चौकशी चार महिन्यांत पूर्ण व्हावी लागते. त्याला विधी साहाय्य मिळवून देणे हे मंडळाच्या कर्तव्यांत समाविष्ट आहे. मंडळाने त्याला दोषी ठरवले तरी कलम १८ प्रमाणे विशेष गृहातील कमाल मुदत तीन वर्षे असते. मुलीवर मात्र कोणताही आरोप नसल्यामुळे जामिनाचा प्रश्नच उद्भवत नाही. समितीने चार महिन्यांत अंतिम आदेश द्यावा अशी अपेक्षा कलम ३६ मध्ये आहे. परंतु त्या आदेशाने तिला वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत संस्थेत ठेवता येते. चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही मुदत चार वर्षांची होते. म्हणजे दोषी ठरलेल्या मुलग्याच्या कमाल मुदतीपेक्षा निर्दोष मुलीची संभाव्य मुदत अधिक ठरते. समितीच्या आदेशाविरुद्ध अपिलाची तरतूद आहे. परंतु मुलीच्या वतीने अपील करणारे कोण, हा प्रश्न उरतोच. बहुतेक वेळा तिचे पालक हेच मूळ तक्रारदार असतात.

मुलगी विधिसंघर्षग्रस्त म्हणून मंडळापुढे आली, तरी द्वैत संपत नाही. कलम १२ मध्ये जामीन नाकारण्याचे जे आधार दिले आहेत, त्यांत बालकाला 'नैतिक धोका' पोचण्याची शक्यता हाही एक आहे. मुलग्याच्या बाबतीत या शब्दांचा अर्थ गुन्हेगारांची संगत असा लावला जातो. मुलीच्या बाबतीत तिचे संपूर्ण लैंगिक आयुष्य त्या शब्दांत सामावू शकते.

वर्तनाच्या चौकशीतून मुलगी कोणत्या संकटात सापडू शकते, याचा दाखला विदर्भाने देशाला दिलेला आहे. १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात घडलेले मथुरा प्रकरण बलात्कारविषयक कायद्याच्या इतिहासात सर्वज्ञात आहे. परंतु ती आदिवासी मुलगी त्या रात्री ठाण्यात का होती, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. तिच्या भावाने बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली होती आणि त्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला तेथे आणले होते. म्हणजे तिच्या 'संरक्षणासाठी' सुरू झालेल्या कार्यवाहीतच तिच्यावर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने तिच्या पूर्वायुष्याचा दाखला देत आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची पुन्हा मुक्तता केली. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रानंतर देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलाने बलात्काराची व्याख्या आणि पुराव्याचे नियम सुधारले. घर सोडणाऱ्या मुलीला ठाण्यापर्यंत नेणारी वाट मात्र तशीच राहिली.

संरक्षणाच्या बाजूने

वरील टीकेला एक गंभीर उत्तर आहे आणि त्याची दखल घेतल्याशिवाय ही चिकित्सा पूर्ण होणार नाही. मुलीला संस्थेत ठेवू नये, तर ठेवावे कोठे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांपूर्वी झालेला होता. ज्या घरातून मुलगी पळते, त्याच घरात तिच्या लग्नाची बोलणी चालू असू शकतात. बालविवाहाचा निकट धोका असलेल्या बालकाला २०१५ च्या कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्यांत गणले आहे, ते याच कारणाने. मानवी तस्करीतून सोडवलेल्या मुलीला घरी पाठवणे म्हणजे कधीकधी तिला विकणाऱ्याच्याच हाती देणे ठरते. बालगृहाचे दार या मुलींसाठी खरोखर आसरा असते आणि तेथील अनेक अधीक्षिका व परिविक्षा अधिकारी अपुऱ्या साधनांत प्रामाणिकपणे काम करतात.

परंतु संरक्षणाची गरज मान्य केल्याने संरक्षणाची पद्धत आपोआप योग्य ठरत नाही. बिहारमधील मुजफ्फरपूर येथील बालिकागृहात मुलींवर झालेले अत्याचार मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पथकाने केलेल्या सामाजिक अंकेक्षणामुळे २०१८ मध्ये उजेडात आले. तेथील मुली सरकारी कागदोपत्री संरक्षणात होत्या. जेथे बाहेरचा माणूस जात नाही आणि आतील मुलीचे म्हणणे कोणी विचारत नाही, तेथे संरक्षण आणि अत्याचार एकाच छताखाली नांदू शकतात, हा त्या घटनेचा धडा आहे. निरीक्षणगृहातील मुलग्याकडे निदान वकील, पालक आणि पुढील तारीख असते. बालगृहातील मुलीकडे यांपैकी काहीच असेल याची खात्री नसते.

मुलग्याचे न दिसणारे दुःख

या द्वैताची किंमत केवळ मुलगी मोजते असे नाही. मुलीला नेहमी पीडित मानणारी व्यवस्था मुलग्याला नेहमी कर्ता मानते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले होते आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण ५२.९४ टक्के होते. असे असूनही निरीक्षणगृहात आलेल्या मुलग्याला त्याच्यावर काय गुदरले, हे विचारण्याची रीत क्वचितच आढळते. त्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न त्याने काय केले हाच असतो.

मुलग्याच्या वाट्याला येणारा संशय त्याच्या जातीप्रमाणे आणि आर्थिक स्थितीप्रमाणे कमीअधिक होतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात १८९७ मध्ये दुरुस्ती होऊन अशा जमातींच्या चार ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आईवडिलांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. परंतु पारध्यांच्या तांड्यातील मुलगा बाजारात दिसला म्हणजे त्याच्याकडे वळणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. याउलट मे २०२४ मध्ये पुण्यात घडलेल्या मोटार अपघात प्रकरणात संपन्न घरातील अल्पवयीन मुलग्याला मंडळाने त्याच दिवशी निबंध लिहिण्यासह काही अटींवर जामीन दिला, लोकक्षोभानंतर त्याला निरीक्षणगृहात पाठवले गेले आणि २५ जून २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते ठेवणे बेकायदा ठरवून त्याची सुटका केली. दोन तरुण जिवांचा अंत झालेल्या त्या प्रकरणात लोकांचा संताप स्वाभाविक होता. तरीही कायद्याच्या दृष्टीने पाहता, बालकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न एका महिन्यात उच्च न्यायालयापर्यंत पोचू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. अडचण अशी की हा वेग साधनसंपन्न मुलग्यापुरता राहतो. तो पारध्याच्या मुलापर्यंत पोचत नाही आणि बालगृहातील मुलीपर्यंत तर मुळीच नाही.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर झालेल्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयोगटातील बालकावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालवण्याची वाट उघडली. शब्दरचनेत ही तरतूद दोन्ही लिंगांना सारखीच लागू आहे. परिणामाच्या दृष्टीने मात्र ती १९८६ च्या रेषेकडे परत जाण्यासारखी आहे, कारण सोळाव्या वर्षी बालपण संपण्याची शक्यता पुन्हा प्रामुख्याने मुलग्याच्याच वाट्याला आली आहे.

उपायांची दिशा

संयुक्त राष्ट्रांच्या १९८५ च्या बीजिंग नियमांत संस्थेतील मुलींना मुलग्यांपेक्षा कमी काळजी, साहाय्य किंवा प्रशिक्षण मिळता कामा नये असे स्पष्ट केले आहे. बालहक्क संहितेचे कलम १२ बालकाला आपल्याविषयीच्या कार्यवाहीत मत मांडण्याचा हक्क देते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे. या तत्त्वांच्या प्रकाशात तीन गोष्टी आवश्यक वाटतात.

पहिली गोष्ट मोजणीची. बाहेर जाण्याची मोकळीक नसलेल्या प्रत्येक बालकाची गणना, ते कोणत्याही नावाच्या संस्थेत असो, स्वातंत्र्य गमावलेले बालक म्हणून लिंगनिहाय आणि कालावधीनिहाय झाली पाहिजे. दुसरी गोष्ट कार्यपद्धतीची. समितीपुढे आलेल्या किशोरवयीन मुलीला पालकांपासून स्वतंत्र असा वकील मिळावा, तिचे म्हणणे तिच्या शब्दांत नोंदले जावे आणि तिला संस्थेत ठेवण्याच्या आदेशाचे ठरावीक मुदतीत, कारणे देऊन पुनर्विलोकन व्हावे. मुलग्याला आरोपी म्हणून जे हक्क मिळतात, त्याहून कमी हक्क मुलीला निरपराध म्हणून मिळावेत, हे समर्थनीय नाही. तिसरी गोष्ट दृष्टीची. मंडळापुढे आलेल्या मुलग्याच्या सामाजिक तपासणी अहवालात त्याने सोसलेल्या अत्याचाराचा शोध घेतला जावा. संस्थांची मुलगा-मुलगी अशी दोनच दालने गृहीत धरल्यामुळे तृतीयपंथी बालकाला कोठेच जागा राहत नाही, याचाही विचार या संदर्भात व्हावा.

ग्रामीण भागात या अपेक्षांचा आरंभ पोलीस ठाण्यातच होऊ शकतो. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, अशी कायद्याची तरतूद आहे. शिरपूर जैनसारख्या गावात परत आणलेल्या मुलीला प्रथम भेटणारा शासनाचा प्रतिनिधी तोच असतो. तिला घरी जायचे आहे का, घरी कशाची भीती वाटते, शाळा चालू ठेवायची आहे का, हे प्रश्न तो विचारतो की कोणाबरोबर गेली होतीस एवढेच विचारतो, यावर तिची पुढील काही वर्षे अवलंबून असतात. विधिसंघर्षग्रस्त मुलींची संख्या अल्प असल्यामुळे त्यांच्यासाठीच्या स्वतंत्र संस्थाही मोजक्या ठिकाणीच उभ्या राहतात. साहजिकच खेड्यातील मुलगी आपल्या भाषेपासून, शाळेपासून आणि भेटीस येऊ शकणाऱ्या आईपासून अधिक दूर जाते.

समारोप

बाल न्याय व्यवस्थेने मुलग्यात अपराधी पाहिला आणि मुलीत सांभाळायची ठेव पाहिली. दोन्ही दृष्टींत बालक हरवले. १८९७ च्या कायद्यात मुलीचा उल्लेख नव्हता, म्हणून ती सुधारशाळेबाहेर राहिली. आजच्या कायद्यात तिचा उल्लेख आहे, परंतु तिच्या बंदिवासाला बंदिवास म्हणण्याची तयारी नाही. जोपर्यंत संरक्षणाच्या नावाखाली गेलेल्या दिवसांचा हिशेब मागितला जात नाही, तोपर्यंत गुन्ह्यांच्या तक्त्यातील मुलींचा लहान आकडा समाधान मानण्याजोगा नाही. ताराबाईंनी एकशे चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी मागितलेली तुलना प्रौढांच्या बाबतीत काही अंशी तरी झाली. बालकांच्या बाबतीत ती अद्याप व्हावयाची आहे.